शून्यावरची सही

दर गुरुवारी दुपारी साडेतीनला मी अंगठेवाल्या बाईंच्या मालिशच्या टेबलावर पालथी पडते आणि पुढचा पाऊण तास या जगात नसते. टेबलाला डोक्याच्या जागी एक गोल भोक आहे. त्यात तोंड घातलं की खाली फरशीचे चार तुकडे आणि बाईंच्या रबरी चपला एवढंच दिसतं. बाई आधी हात चोळून ऊन करतात, मग डोळे मिटतात. मिटतात हे मला कसं कळतं, तर त्यांचं बोलणं बदलतं. डोळे उघडे असताना त्या भाड्याबद्दल आणि जिन्यातल्या दिव्याबद्दल तक्रारी करतात. डोळे मिटले की फक्त माझ्या मानेशी बोलतात, मला विचारतसुद्धा नाहीत.

"काय गं, परत वाकडी बसलीस ना दिवसभर?" हे मानेला.

मी तशी तिरसट बाई आहे. ऑफिसात माझ्या टेबलाजवळून जाताना लोक पाय न वाजवता जातात. पण बाईंचा अंगठा मानेच्या त्या एका गाठीवर टेकला की माझा सगळा ताठा लोण्यासारखा वितळतो. मग मला अर्धवट झोप लागते, आणि त्या झोपेत कायम चादरी दिसतात. उंच तारांवर ओल्या, पांढऱ्या, धुक्यात हलणाऱ्या चादरी. त्यांच्याखाली मी, पाच-सहा वर्षांची. वरून थेंब पडताहेत आणि आईचे हात आभाळात गेलेत.

त्याचं कारण साधं आहे. बाईंच्या टेबलावरची चादर वरच्या खोऱ्यातल्या धुलाईघरातून येते. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथेच धुतात. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे तीन टाके असतात, ती धुलाईघराची खूण. माझ्या आईने तिथे एकतीस वर्षं चादरी वाळत घातल्या. आता चार वर्षांपासून ती बसून टाके घालते. म्हणजे दर गुरुवारी मी आईच्या टाक्यांवर गाल ठेवून झोपते, आणि याचं मला फार कौतुक होतं.

"चादर हुंगता तुम्ही," एकदा बाई म्हणाल्या होत्या. "दर वेळी. लहान मूल हुंगतं तशी."

त्याच दिवशी त्या माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या होत्या, "हा ठीक आहे. पण जपा. खांदा एका दिवसात अडकत नाही. माणूस आधी हात वर न्यायचं टाळतो. टाळता टाळता खांदा वरची वाटच विसरतो." मी ऐकलं, आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

आता माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आरोग्य खात्याच्या कचेरीत मी तक्ते करते. यंदाचा तक्ता सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याचा होता: कुठल्या भागात हाताने उपचार करणाऱ्यांची किती गरज, आणि उपचार करणारे किती. फिजिओ, मालिशवाले, हाडं बसवणारे, सगळे धरून. आमच्याकडे त्यांना माणसं म्हणून मोजत नाहीत, 'जोड्या' म्हणतात. एक बाई म्हणजे एक जोडी हात. तेरा भाग, तेरा ओळी, दोन रकाने. मागणीच्या रकान्यात त्या भागातून आलेल्या लेखी अर्जांची संख्या, पुरवठ्याच्या रकान्यात जोड्या.

अंगठेवाल्या बाई ज्या उपनगरात बसतात तिथे सव्वीस जोड्या होत्या. एकाच रस्त्यावर सात पाट्या. तरी अर्ज चारशे बारा. तेराव्या ओळीत वरचं खोरं. जोड्या शून्य, अर्ज शून्य.

"वा," साहेब म्हणाले होते. "इथली माणसं काटक दिसतात."

साहेब वाईट नाहीत. त्यांचा आकड्यांवर जीव आहे इतकंच. यंदा सरकारी खर्चाने एकच जोडी मिळणार होती, एक नवीन पद, आणि जिथे मागणी जास्त तिथे ते जाणार हा नियम. म्हणजे ते पद उपनगराच्या खिशात पडल्यातच जमा होतं. फक्त एक अडचण होती. तक्त्यात कुठेही शून्य असलं की त्याला साक्षीदार लागतो. आकडा कितीही मोठा असो, त्याला कोणी विचारत नाही. शून्याला मात्र तिथल्या दोन रहिवाशांच्या सह्या लागतात, की बाबा खरंच इथे काही नाही.

"तुमचं माहेर ना ते?" साहेब म्हणाले. "जाऊन या शनिवारी. सह्याही होतील, आईही भेटेल. सोमवारी अकराला तक्ता वर पाठवायचाय."

गेल्या वर्षी हे सह्यांचं काम टपालाने झालं होतं. शून्याखालच्या दोन सह्यांतली एक आईची होती. ती गोल गोल, शाळकरी सही फाइलमध्ये बघून मला इतकी गंमत वाटली की मी तिचा फोटो काढून आईला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "बघ, सरकारदरबारी पोचलीस." आईने उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला होता.

बस वरच्या खोऱ्यात शिरते तेव्हा खिडकीबाहेरचं सगळं पुसल्यासारखं होतं. तिथे धुकं दुपारपर्यंत उठत नाही. रस्ता, झाडं, कठडे, एकेक गोष्ट जवळ आली की दिसते आणि गेली की गेली. त्या शनिवारी मी बसमध्ये पेंगत होते, आणि उतरले तरी पेंग पुरती उतरली नव्हती. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी आईच्या दारात उभी राहिले तेव्हा मला खरोखर वाटलं की मी उंच झालेय.

दाराची कडी माझ्या कमरेशी होती. ती वर, कपाळाच्या रेषेत असायची. वरची जुनी भोकं लांबी भरून बुजवलेली दिसत होती. आत आरसा इतका खाली की मला त्यात माझा गळा दिसला, तोंड दिसेना. स्वयंपाकघरात वरच्या दोन फळ्या जवळजवळ मोकळ्या, आणि सगळे डबे ओट्यावर दाटीवाटीने, लग्नघरात पाहुणे झोपावेत तसे. दिव्याच्या बटणाला एक लांब दोरी बांधलेली. मी त्या घरात जणू स्वप्नात फिरत होते. लहानपणीच्या घरात परत गेलं की वस्तू लहान वाटतात म्हणतात. इथे वस्तू तेवढ्याच होत्या, नुसत्या खाली आल्या होत्या. मागच्या अंगणात गेले तर कपड्यांची दोरी माझ्या छातीला अडकली. धुकं जरा हललं तेव्हा पलीकडच्या मावशीची दोरी दिसली, तीही तेवढीच खाली. तिच्या पलीकडची तशीच. सगळ्या वस्तीचे कपडे गवताला टेकून वाळत होते.

"दोरी का उतरवलीस गं?"

"वारा लागतो वरती," आई म्हणाली. "कपडे उडतात."

आईने केस कापले होते. कानापर्यंत, पोरासारखे. जन्मभर तिची वेणी कमरेच्या खाली होती. चादरी घालताना ती वेणी पदराला गाठ मारून बांधायची.

"आणि हे काय?"

"उकडतं गं."

मी स्वेटरवर शाल घेतली होती. "उकडतं? इथे?"

"तू आधी चहा घे," आई म्हणाली. ती अशी विषयाला बगल देणारी बाई नव्हे. खरं तर तोंडावर बोलून मोकळी होणारी. म्हणून मला पहिल्यांदा काहीतरी टोचलं.

चहा झाल्यावर तिने स्वतःच विचारलं, "तो तुझा कागद कुठाय? सही करून टाकू." मी फॉर्म टेबलावर ठेवला. आईने डाव्या हाताने तो ओढून मांडीवर घेतला, पेन उजव्या हातात धरलं आणि कोपर पोटाशी घट्ट ठेवून नुसत्या मनगटाने लिहायला लागली. तिचं पहिलं अक्षर व्हायच्या आत मी म्हटलं, "आई, वरच्या फळीवरचा बटणांचा डबा काढून दे ना."

एकच डबा वर राहिला होता. खाली आणायचा तिला जमला नसावा.

"काय करायचाय आता तो? तूच काढ, तुझा हात पुरतो."

"तू काढ."

आई हसली. उठली. हात वर नेला. कोपर छातीपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. मग खांदा कानाकडे सरकला, मग ती टाचा उचलून एका बाजूला कलली, सगळं अंग वर गेलं पण हात तिथेच. चेहरा मात्र हसराच, फोटोतल्यासारखा. डबा फळीवर, हात छातीशी, आणि मध्ये दोन वीत हवा. तेवढ्या हवेत मला बाईंचं वाक्य ऐकू आलं. वरची वाटच विसरतो.

"बस," मी म्हटलं. "खाली घे. घे खाली."

"दुसरा जरा बरा आहे," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी आईवर ओरडले. आता लिहिताना लाज वाटते, पण ओरडले. कधीपासून, मला का नाही सांगितलं, आणि गेल्या वर्षी त्या कागदावर सही कशी केलीस, की इथे कुणाचं काही दुखत नाही म्हणून?

"कधीपासून म्हणजे काय," आई शांतपणे म्हणाली, "होतं हळूहळू. वेणी घालताना हात मागे जाईना, मग केस कापले. कडी लागेना, मग खाली घेतली. आता कशाचंच अडत नाही बघ."

"आणि सही?"

"तो टपालवाला कागद घेऊन आला. म्हणाला, इथे कुणी अर्ज केलाय का दुखण्याचा? मी म्हटलं, नाही. खरंच नव्हता केला. कुणाकडे करायचा? आहे कोण इथे? ज्याला औषध नाही ते दुखणं बोलून दाखवलं की दोनदा दुखतं."

"मला सांगायचं होतंस."

"तू धावत आली असतीस. तुझी नोकरी, तुझी मान..."

"माझ्या मानेचं तुला कुणी सांगितलं?"

"गुरुवारी संध्याकाळी फोनवर तुझा आवाज सैल असतो. एरवी आवळलेला असतो."

दर गुरुवारी मी तिच्या टाक्यांवर झोपत होते. ते टाके घालणारा हात पोटाशी धरलेला होता, आणि तेराव्या ओळीतलं शून्य मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. मी फॉर्म उचलला. आईचं सहीचं पहिलं अक्षर अर्धंच राहिलं होतं.

धुलाईघर रविवारीही चालू असतं, कारण हॉटेलं रविवारीही झोपतात. साडेदहाच्या चहाला मी आईबरोबर आवारात गेले. तारा होत्या तशाच होत्या, डोक्याच्या हातभर वर. चादरी तशाच धुक्यात लोंबत होत्या. खाली बायका आणि थोडे पुरुष पेले घेऊन उभे. सगळे मला लहानपणापासून ओळखणारे.

मी विचारलं, "कुणाचा खांदा दुखतो का? मान, पाठ?"

"छे गं." "आम्हाला काय धाड भरलीय." "तुझीच मान वाकडी दिसतेय." हशा झाला. पलीकडची मावशी म्हणाली, "शहरात दुखतं बाई. तिथे दुखायला वेळ असतो."

हाच प्रश्न आम्ही दर वर्षी विचारतो. फॉर्मवर छापलेला आहे. आणि दर वर्षी हेच उत्तर शून्य होऊन आमच्याकडे येतं. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला.

"बरं, एक करा. पेले खाली ठेवा. हात वर करा. दोन्ही. कानाला लावा."

त्यांना वाटलं, मी काहीतरी गंमत करतेय. हसत हसत सगळ्यांनी हात उचलले. आणि मग हसणं हळूहळू थांबलं. काही हात वर गेले, सरळ, कानापाशी. बाकीचे वाटेत राहिले. कुणाचे छातीशी, कुणाचे हनुवटीशी, कुणाचा एक वर आणि एक अर्ध्यात. वर तारांवर चादरी हलत होत्या आणि खाली ते एवढे हात, पाण्याखाली उभं राहिल्यासारखे, निम्म्यावर थांबलेले. प्रत्येक जण शेजारच्याचा हात बघत होता. इतकी वर्षं प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्यांची दोरी वाऱ्यामुळे खाली आलीय, दुखण्यामुळे आपली एकटीचीच.

"तू पण?" मावशीने कुणाला तरी हळूच विचारलं.

"मी एका हाताने दुसऱ्याला ढकलून घालते चादर," ती म्हणाली. "जमतं."

मी मोजले. एक्याऐंशी माणसं. अठरांचे हात कानाला लागले. त्रेसष्टांचे लागले नाहीत. मी दोनदा मोजले, दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी होतं म्हणून.

पण मोजून भागणार नव्हतं. आमच्या कचेरीला मी पाहिलेलं चालत नाही, त्यांनी लिहिलेलं लागतं. प्रत्येकाचा एकेक अर्ज. मी वहीची पानं फाडून वाटली. कुणी घेतली, कुणी नाही, पण लिहीना कुणीच. सगळ्यांची नजर आईकडे. ते साहजिक होतं. शून्यावर सही आईची होती. तिने लिहिलं तर ती खोटी पडणार, नाही लिहिलं तर बाकीचे.

आई तारांकडे बघत होती. माझ्या आईने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलेलं नाही. उसनं मीठसुद्धा नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा तिने खांद्याला खांदा लावायला कुणाला बोलावलं नव्हतं. शेवटी ती उलट्या बादलीवर बसली, पान मांडीवर घेतलं आणि लिहायला लागली. फार वेळ लागला. चहाची सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

लिहून झाल्यावर तिने पान मला दिलं नाही, मावशीला दिलं. मावशीने वाचलं, नाक पुसलं आणि पेन मागितलं.

सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मी त्रेसष्ट कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी आधी गठ्ठ्याची जाडी बघितली, मग घड्याळ.

"हे एका दिवसात कुठून आले?"

"होतेच साहेब. आपण चुकीचं विचारत होतो."

"पण उपनगराचे चारशे बारा आहेत."

"उपनगरात सव्वीस जोड्या आहेत. रांग रेशनच्या दुकानासमोर लागते साहेब. जिथे दुकानच नाही तिथे रांग कुठून दिसणार? म्हणून तिथली माणसं जेवलेली असतात का?"

माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलांवरचं टाइपिंग थांबलं. साहेबांनी सगळ्यात वरचा कागद उचलला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले.

"'मी मागच्या वर्षी तुमच्या शून्यावर सही केली होती. ती सही खरी नव्हती. माझा उजवा हात छातीच्या वर जात नाही, चार वर्षं झाली. मी कुणाला बोलले नाही, कारण ऐकणारं कुणी नव्हतं. माझ्यामुळे बाकीच्यांचंही शून्य झालं, त्याची माफी असावी. मला फार काही नको. माझी वेणी मला घालता आली पाहिजे.'"

शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. पण त्यांचे ओठ हलले ते मी पाहिलं. मग त्यांनी खालची सही बघितली, फाइल उघडून मागच्या वर्षीची सही बघितली. माझं माहेरचं आडनाव त्यांना माहीत होतंच.

"साक्षीदार फिरला म्हणायचा," ते म्हणाले, आणि तेराव्या ओळीतलं माझं शून्य खोडून स्वतःच्या हाताने त्रेसष्ट लिहिलं. नियमाच्या रकान्यात काय लिहायचं यावर थोडा वेळ पेन चावलं. मग लिहिलं: जोड्या शून्य, सबब प्रथम हक्क.

पद मंजूर झालं. ही गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं, पण खोटं बोलायची माझी सवय मोडलीय. जाहिरात तीनदा निघाली. कुणी आलं नाही. इतक्या धुक्यात राहायला कोण जाणार? चौथी जाहिरात माझ्या टेबलावर आहे, आणि ती निघेपर्यंत मी साहेबांच्या मागे हात धुऊन लागलेय.

तोवर दर शनिवारी मी जाते. अंगठेवाल्या बाईंनी माझा गुरुवार त्यासाठी वापरला. आता त्या मला पालथी पाडत नाहीत, समोर बसवतात आणि शिकवतात. खांदा कसा सैल सोडायचा, हात लोलकासारखा कसा झुलवायचा, भिंतीवर बोटांनी कसं चढायचं. "तुमचे अंगठे कच्चे आहेत," म्हणतात, "पण नसल्यापेक्षा बरे." माझी मान पुन्हा आवळलीय. असू दे.

आईच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आता पेन्सिलीच्या खुणा आहेत. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहते, बोटं एकेक करून वर चालवते, जिथे थांबतील तिथे मी रेघ मारते. पोरांची उंची मोजतात ना दाराच्या चौकटीवर, तशी मी माझ्या आईची मोजते. पहिली रेघ छातीशी. बारा आठवड्यांत ती हनुवटीच्या वर चार बोटं आलीय. रविवारी सकाळी मावशी येते, तिच्या मागे आणखी दोघी. भिंत भरत चाललीय. माझ्या खासगी तक्त्यात मी तेराव्या ओळीत पुरवठा म्हणून लिहिलंय: अर्धी जोडी, आठवड्यातून एकदा.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, सांगायचंच राहिलं. केस वाढवायला घेतलेत."

मी लगेच हिशेब करायला लागले, कानापासून कमरेपर्यंत किती वर्षं, आणि तेवढ्यात हात कुठवर पोचेल. मग हिशेब सोडून दिला.

"उकडणार नाही ना?" मी विचारलं.

"उकडू दे," आई म्हणाली.